डोंगरउताराच्या बागेसाठीं बसून चालविण्याचें गवतकापणी यंत्र कसें निवडावें

पावसाळा सरला कीं कोंकणांतील डोंगरउताराच्या आंबा-काजूच्या बागांत कमरेएवढें, कित्येक ठिकाणीं पुरुषभर उंचीचें गवत उभें असतें. हें गवत आश्विन-कार्तिकांत कापलें तर गुरांच्या वैरणीस किंवा झाडांच्या आळ्यांत आच्छादनास उपयोगीं पडतें. न कापलें तर तेंच वाळून माघ-फाल्गुनांत वणव्यास सरपण होतें. पूर्वी हें काम विळा-कोयता घेतलेल्या माणसांची रांग लावून आठ-दहा दिवसांत उरकत असे. आतां गांवोगांव घरें बंद आहेत, आणि जीं माणसें आहेत त्यांस त्याच पंधरवड्यांत स्वतःचें भात कापावयाचें असतें.

१९९० सालीं महाराष्ट्र सरकारनें रोजगार हमी योजनेशीं जोडून फळबाग लागवडीची योजना सुरू केली, तेव्हांपासून कोंकणांतील पुष्कळ वरकस जमीन हापूस व काजू यांच्या लागवडीखालीं आली. झाडें लावण्यास साह्य मिळालें. परंतु त्या झाडांखालचें गवत दरसाल कोणीं कापावें हा प्रश्न मालकाच्या गळ्यांत राहिला. खांद्यास अडकविण्याच्या ग्रासकटरनें तो कांहीं अंशीं सुटतो. तथापि आठ-दहा एकरांची बाग असली म्हणजे तेवढ्यानें भागत नाहीं, आणि मग बसून चालविण्याच्या यंत्राचा विचार मनांत येतो. असें यंत्र घ्यावें कीं नाहीं, घेतल्यास कोणतें, व तें टिकेल कशानें, याविषयीं आम्हांस जें अनुभवानें कळलें तें प्रस्तुत लेखीं सांगण्याचें योजिलें आहे.

आमचा अनुभव.—आम्हीं महसूल खात्यांत कारकुनी केली, आणि सेवानिवृत्तीनंतर वडिलोपार्जित अकरा एकर बागेकडे लक्ष घातलें. २०१९ च्या मार्च महिन्यांत शेजारच्या पडीक डोंगरावरून आलेला वणवा आमच्या न कापलेल्या गवतांत शिरला आणि एका दुपारीं काजूचीं साठांवर धरतीं झाडें होरपळून गेलीं. त्या दुःखाच्या भरांत पुढल्या वर्षीं आम्हीं घाईनें एक बसून चालविण्याचें यंत्र विकत घेतलें. विकणारानें अश्वशक्तीचा आंकडा सांगितला, आम्हीं रंग पाहिला, आणि व्यवहार झाला. तें यंत्र मुळांत मोठ्या बंगल्याभोंवतींच्या सपाट हिरवळीसाठीं केलेलें होतें, हें आम्हांस पुढें कळलें.

पहिल्या हंगामांत सड्यावरच्या सपाट भागांत त्यानें झकास काम केलें. दुसऱ्या हंगामांत उतारावर घेतलें, तों दोन तास चढउतार झाली कीं त्याची ओढ मंदावे, आणि तें चढावर जागच्या जागीं कण्हत उभें राही. तिसऱ्या हंगामांत आमचा पुतण्या दंव न वाळलेल्या गवतांतून तें उताराला आडवें नेत असतां खालचें चाक उंदरानें पोखरलेल्या जमिनींत खचलें आणि यंत्र कलंडून गडग्यावर जाऊन आदळलें. पुतण्यानें उडी टाकली म्हणून तो वांचला. खांद्याचें हाड मात्र मोडलें. यंत्र निर्दोष होतें असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु मोठा दोष आमचा होता. आयुष्यभर लोकांच्या जमिनींच्या नोंदी ठेवणाऱ्या माणसानें स्वतःच्या जमिनीचा उतार मोजला नव्हता. सात-बाराच्या उताऱ्यावर क्षेत्र असतें, आकार असतो, पोटखराबा असतो, उतार नसतो. तो ज्याचा त्यानेंच मोजावयाचा असतो.

उतार कसा मोजावा.—यास मोजणीदार नको. दोन मीटर लांबीची सरळ लांकडी रीप घ्यावी व तीवर गवंड्याची पाणसळ ठेवावी. रिपेचें एक टोंक चढाकडील जमिनीवर टेकवून दुसरें टोंक उताराकडे धरावें, व पाणसळीचा बुडबुडा मध्यें येईपर्यंत तें उचलावें. मग त्या उचललेल्या टोंकापासून जमिनीपर्यंतची उंची मोजावी. ती सुमारें १८ सेंटिमीटर भरली तर उतार ५ अंशांचा, ३५ भरली तर १० अंशांचा, ५४ भरली तर १५ अंशांचा, आणि ७३ भरली तर २० अंशांचा समजावा.

बागेच्या प्रत्येक भागांत अशा दहा-बारा जागा मोजाव्या. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. आणेवारी काढतांना आपण सरासरी धरतों. येथें सरासरी कामाची नाहीं. यंत्र सरासरी उतारावर कलंडत नाहीं, सर्वांत अवघड जागीं कलंडतें. सबब प्रत्येक भागाचा मोठ्यांत मोठा आंकडा तोच त्या भागाचा उतार धरावा. मग गटाच्या नकाशाची नक्कल घेऊन १० अंशांपर्यंतचा भाग हिरव्या, १० ते १५ अंशांचा पिवळ्या आणि त्यावरील तांबड्या पेन्सिलीनें रंगवावा. गडगे, मजग्यांच्या कडा, घळी, वर आलेला कातळ यांच्याही खुणा कराव्या. हा नकाशा हातीं येईपर्यंत कोणत्याही विक्रेत्याच्या दुकानाची पायरी चढूं नये.

१५ अंशांची मर्यादा कशासाठीं.—बसून चालविण्याच्या बहुतेक यंत्रांच्या पुस्तकांत १५ अंशांपलीकडील उतारावर यंत्र नेऊं नये असें बजावलेलें असतें. कांहींत तर १० अंशांचीच मर्यादा असते. विक्रेते सांगतात कीं, कंपनी आपला बचाव म्हणून तसें लिहिते, यंत्र त्याहून पुष्कळ चढतें. चढतें हें खरें. पण चढणें निराळें आणि न कलंडणें निराळें. गवताचे भारे उंच रचलेली बैलगाडी बांधावरून जातांना कां कलंडते, हें ज्यानें पाहिलें आहे त्यास हा हिशेब सहज समजेल.

समजा, यंत्राच्या दोन चाकांमधलें अंतर ९० सेंटिमीटर आहे, आणि चालकासह त्याच्या वजनाचा मध्य जमिनीपासून ६० सेंटिमीटर उंचीवर आहे. हें यंत्र कठीण, गुळगुळीत जमिनीवर आडवें उभें केलें तर तें सुमारें ३७ अंशांवर कलंडेल. १५ आणि ३७ यांत अंतर मोठें दिसतें. पण आतां बागेंत या. उतार १५ अंशांचा. खालचें चाक १५ सेंटिमीटर खोल खळग्यांत गेलें, आणि त्याच क्षणीं वरचें चाक तितक्याच उंचीच्या जांभ्या दगडावर चढलें. एवढ्यानें कल १८ अंशांनीं वाढला व एकूण ३३ अंशांवर गेला. शिल्लक राहिले ४ अंश. ते एका धक्क्यानें किंवा चुकून दिलेल्या वळणानें संपतात. ज्यास आपण मर्यादा म्हणतों ती बागेंतल्या खळग्यादगडांसाठीं राखून ठेवलेली शिल्लक आहे. ती खर्ची टाकूं नये.

म्हणून तांबड्या भागांत बसून चालविण्याचें यंत्र मुळींच नेऊं नये. तेथें ग्रासकटर अथवा विळाच खरा. स्वित्झर्लंड व ऑस्ट्रिया या देशांत आल्प्स पर्वताच्या कुरणांसाठीं रुंद चाकोरीचीं व अगदीं बुटकीं खास यंत्रें करतात, तीं याहून उभ्या उतारावर चालतात. परंतु त्यांचें उदाहरण साध्या यंत्रास लागू पडत नाहीं.

यंत्रांचे प्रकार.—बाजारांत मिळणाऱ्या यंत्रांचे आमच्या कामापुरते चार प्रकार करतां येतात.

पहिला प्रकार हिरवळीच्या यंत्राचा. यांत एंजिन पुढें, बैठक मागें आणि पातीं मधोमध पोटाखालीं असतात. सपाट जागेंतील आखूड गवतास हें ठीक; कोंकणच्या कमरेएवढ्या गवतास व जांभ्याच्या दगडांस तें पुरें पडत नाहीं. आमचें यंत्र याच जातीचें होतें.

दुसरा प्रकार दोन दांड्यांनीं जागच्या जागीं वळणाऱ्या यंत्राचा. यांत मागील दोन चाकांस निरनिराळी गति देऊन वळण साधतात, आणि पुढील चाकें खाटेच्या चाकांसारखीं मोकळीं फिरतात. झाडांभोंवतीं वळण्यास हें चपळ. पण ओल्या उतारावर मागील चाकें घसरलीं कीं दिशा देण्याचें व थांबविण्याचें दोन्ही साधन एकदम जातें. डोंगरउतारास आम्ही हें सुचविणार नाहीं.

तिसरा प्रकार बागेसाठींच केलेल्या बुटक्या यंत्राचा. जपानांत सफरचंदाच्या व संत्रावर्गीय फळांच्या बागा उतारावर आहेत. तेथें फांद्यांखालून जातां यावें म्हणून अगदीं ठेंगणीं, बसून चालविण्याचीं यंत्रें वापरतात. बैठक खालीं असल्यामुळें वजनाचा मध्यही खालीं येतो. आमच्या बागांस गुणानें हाच प्रकार सर्वांत जवळचा. मात्र त्याचे सुटे भाग व तो उघडून जोडणारा मिस्त्री आपल्या तालुक्याच्या गांवीं मिळतो कीं नाहीं, हें आधीं पहावें.

चौथा प्रकार म्हणजे चारही चाकांस ओढ असलेला लहान ट्रॅक्टर व त्याच्या मागें जोडलेला स्लॅशर. याचें डिझेल एंजिन दणकट, मिस्त्री गांवोगांव, आणि गवताचे दिवस संपले कीं फवारणीस, वाहतुकीस व आंतरमशागतीस तोच ट्रॅक्टर कामीं येतो. आंब्याची लागवड १० मीटरांवर व काजूची ७ ते ८ मीटरांवर असल्यानें दोन ओळींमधून तो सहज जातो. झाडांच्या बुंध्याजवळचें गवत मात्र हातानें काढावें लागतें. ट्रॅक्टर वजनदार म्हणून तो कलंडत नाहीं असा एक समज आहे, तो खोटा आहे. त्याच्या वजनाचा मध्य बुटक्या यंत्राहून उंच असतो; म्हणून त्यासही वरची मर्यादा तितक्याच कडकपणें पाळावी. एकंदरींत ज्याची बाग बहुतेक हिरव्या रंगांत आहे व ज्यास वर्षभर इतर कामें आहेत त्यानें हा चौथा प्रकार घ्यावा, असें आमचें मत आहे.

टिकाऊपणाची परीक्षा.—अश्वशक्तीचा आंकडा टिकाऊपणाविषयीं कांहींच सांगत नाहीं. बैल घेतांना आपण जसे खूर, दांत व खांदा पाहतों, तसे यंत्राचे पांच अवयव पहावे.

एक, गियरपेटी. कांहीं यंत्रांत ती तेलाच्या दाबावर चालते. तीस हायड्रोस्टॅटिक म्हणतात. चालविण्यास ती सोपी. पण सतत चढावर तिच्यांतलें तेल तापून पातळ होतें व ओढ कमी पडते. आमच्या यंत्रास हाच रोग होता. विक्रेत्यास विचारावें कीं, या पेटींतलें तेल बदलतां येतें काय, तेलास गाळणी आहे काय, थंड करण्यास पंखा आहे काय. पेटी कायमची बंद असून तेल बदलण्याची सोय नाहीं असें उत्तर आलें, तर तें यंत्र डोंगरासाठीं नव्हे.

दोन, एंजिनाचें वंगण. लहान एंजिनांपैकीं कित्येकांत एक पळी तळचें तेल उडवून भागांस वंगण देते. एंजिन फार वेळ कललेलें राहिलें तर तेल एका बाजूस जातें व पळी कोरडी फिरते. डोंगरासाठीं तेलाचा पंप व गाळणी असलेलें, दाबानें वंगण देणारें एंजिन असावें. आणि तें किती अंश कललेलें चालेल हें एंजिनाच्या पुस्तकांत पहावें.

तीन, पुढचा आंस. तो ओतीव लोखंडाचा आहे कीं पत्रा दाबून केलेला आहे, हें वांकून पहावें. चाकांच्या सांध्यांस ग्रीस निपल असावे. जेथें ग्रीस भरतां येत नाहीं तेथें झीज थांबवितां येत नाहीं.

चार, पातीं व त्यांवरचें झांकण, ज्यास कारागीर डेक म्हणतात. झांकणाचा पत्रा साडेतीन मिलिमीटरांच्या आसपास असावा. त्याहून पातळ पत्रा कोंकणच्या दमट हवेंत लौकर सडतो. दगड असलेल्या जमिनीस दांड्यावर ताठ बसविलेल्या पात्यांपेक्षां बिजागरीनें झुलतीं पातीं बरीं. दगड लागला कीं झुलतें पातें मागें दुमडतें. ताठ पातें तो सर्व धक्का दांड्यास व गियरपेटीस देतें. ट्रॅक्टरच्या स्लॅशरला धक्क्यानें तुटणारी खीळ किंवा निसटता क्लच असावा. चार आण्यांची खीळ मोडून मोठा खर्च वांचावा, हेंच तिचें काम.

पांच, चालकाच्या मागची संरक्षक कमान व कमरेचा पट्टा. यंत्र कलंडलेंच तर कमान त्यास उलथूं देत नाहीं व पट्टा चालकास कमानीच्या आडोशांत धरून ठेवतो. कमान उभी असतां पट्टा बांधलाच पाहिजे. फांद्यांखालून जाण्यासाठीं कमान दुमडली असेल तर पट्टा बांधूं नये, आणि त्या स्थितींत यंत्र उतारावर नेऊं नये.

ट्रॅक्टर घ्यावयाचा असल्यास विक्रेत्याकडे सरकारी चाचणीचा अहवाल मागावा. मध्यप्रदेशांत बुधनी येथें १९५५ सालीं स्थापन झालेली केंद्र सरकारची शेतीयंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्था आहे. तिच्या अहवालांत ट्रॅक्टरचें वजन, ओढ व वजनाच्या मध्याची जागा हीं दिलेलीं असतात. रंगीत पत्रकापेक्षां हे चार कागद अधिक मोलाचे.

खर्चाचा व तासांचा हिशेब.—एक मीटर रुंदीचें यंत्र ताशीं ३ किलोमीटर गतीनें उंच गवतांत चाललें, तर तासांत ३००० चौरस मीटर, म्हणजे सुमारें ३० गुंठे कापून होतात. वळणें, झाडें व दगड यांसाठीं तिसरा हिस्सा वजा केला तर हातीं २० गुंठे राहतात. समजा, दहा एकरांपैकीं यंत्र जाण्याजोगे सहा एकर आहेत. म्हणजे २४० गुंठे. एका कापणीस १२ तास, व वर्षांत दोन कापण्या धरल्या तर २४ तास.

हा आंकडा वाचकांनीं पुन्हां वाचावा. वर्षाचे ८७६० तास; त्यांपैकीं यंत्र चाललें २४, आणि उरलेले सर्व तास तें खोपटांत उभें राहिलें. अशा यंत्राचा नाश झिजून होत नाहीं, गंजून होतो. आजच्या पेट्रोलांत इथेनॉल मिसळलेलें असतें व तें ओलावा शोषतें. म्हणून हंगाम संपतांच टाकी रिकामी करावी. डेकखालीं चिकटलेलें ओलें गवत त्याच दिवशीं खरवडून, धुऊन, वाळवून तेल लावावें. एंजिनाच्या पाकळ्यांत अडकलेला कचरा व हवेची गाळणी रोज साफ करावी. उंदीर वायरी कुरतडतात. यंत्र गवताच्या उडवीशेजारीं ठेवूं नये.

याच हिशेबांतून दुसरी गोष्ट निघते. एका मालकाचे २४ तास, तर सहा मालकांचे १४४ तास. एवढे तास एक चांगलें यंत्र सहज सोसतें. प्रत्येकानें हलकें यंत्र घेण्यापेक्षां सहा जणांनीं मिळून एक भारी यंत्र घ्यावें, एक शिकलेला चालक ठेवावा, आणि तासांची वही ठेवावी. वहींत तारीख, गट नंबर, सुरू व बंद होण्याची वेळ, इंधन व दुरुस्ती एवढे रकाने पुरे आहेत. भागीदारींत भांडण होतें तें यंत्रावरून होत नाहीं, नोंद नसल्यामुळें होतें. हें आम्ही तीस वर्षांच्या कारकुनीच्या अनुभवावरून सांगतों.

चालविण्याचे नियम.—यंत्र उताराला आडवें न नेतां सरळ वर-खालीं न्यावें. दंव वाळल्यावांचून पिवळ्या भागांत शिरूं नये. उतरतांना गियर मोकळा ठेवूं नये. मजगीच्या कडेपासून व घळीपासून यंत्राच्या रुंदीच्या दुप्पट अंतर राखावें. मागें घेतांना आधीं पातीं थांबवावीं. यंत्रावर दुसरें माणूस, विशेषतः मूल, कदापि बसवूं नये. नव्या भागांत शिरण्यापूर्वी तो एकदां पायीं फिरून दगड व खळगे पहावे व काठ्या रोवून खुणा कराव्या. आणि पहिली कापणी नेहमीं हद्दीवरच्या पट्ट्याची करावी. बाकीचें गवत चार दिवस राहिलें तरी चालेल, पण जाळरेषा आधीं निघाली पाहिजे.

आमच्या बागेंत सध्यां शेजारच्या पांच मालकांशीं मिळून घेतलेला लहान ट्रॅक्टर व झुलत्या पात्यांचा स्लॅशर चालतो. नकाशांतील तांबडे तीन एकर आम्ही अजून ग्रासकटरनें कापून घेतों, आणि त्याचा आम्हांस कमीपणा वाटत नाहीं. होरपळलेल्या काजूंच्या जागीं लावलेलीं कलमें आतां मोहरूं लागलीं आहेत. पुतण्याच ट्रॅक्टर चालवितो. पावसाळी हवेंत त्याचा खांदा अद्यापि दुखतो. यंत्र घेण्यास निघालेल्या वाचकांनीं पैशाची पिशवी उचलण्याआधीं ती दोन मीटरांची रीप उचलावी, एवढें सांगून हा लेख पुरा करितों.